आधी कानाने मोजा



शाळेत बोलायला या, असा मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला आणि मी लगेच हो म्हटलं. ही शाळा माझी आहे.

मी प्राण्यांच्या आवाजातली लय अभ्यासतो. रातकिड्याचा नर पुढचे पंख एकमेकांवर घासून किरकिरतो; मादी त्या लयीवरून आपल्या जातीचा नर ओळखते. थंडीत लय मंदावते, उकाड्यात वाढते. अमेरिकेतल्या एमॉस डॉल्बेअर यांनी १८९७ साली किरकिर मोजून तापमान काढायचं सूत्रच छापलं. मादागास्करमधला इंद्री लेमूर गातो तेव्हा दोन स्वरांमधलं अंतर कधी सारखं, कधी दुप्पट असतं, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. शास्त्र आज एवढंच सांगतो, कारण समोर गणिताचे सर बसलेत आणि मला दुसरंच आठवतंय.

आषाढात परतवारीच्या दिंड्या शाळेवरून नर्सीला जायच्या. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा. मृदंग ऐकू आला की सर खडू ठेवायचे, आम्हाला व्हरांड्यात उभं करायचे आणि म्हणायचे, डोळे मिटा, टाळ मोजा. दिंडी पुढे गेली की कयाधू नदीकडून बेडकांचा आवाज यायचा. तोही मोजायला लावायचे. एक बेडूक थांबला की दुसरा नेमका त्या जागेत ओरडतो, हे मी त्या व्हरांड्यात ऐकलं. पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा नवल वाटलं नाही.

म्हणून मुलांनो, एकच सांगतो. आधी कानाने मोजा, हाताने लिहा. रेकॉर्डिंग नंतर. मोबाइलमध्ये आवाज साठतो आणि तिथेच पडून राहतो. मोजायला बसलं की मन थांबतं, प्रश्न पडतात. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मी पहिला महिना यंत्र देत नाही. आधी कानाने मोजा.

डॉल्बेअरचं सूत्र तिकडच्या किड्यांचं आहे. आपल्या तुरीच्या बांधावरच्या किड्याचं सूत्र तुम्हालाच काढावं लागेल. पौषाच्या या गारठ्यात तो सावकाश बोलतोय, चैत्रात घाई करील. तेवढ्या काळात एक वही भरते. आजी, तुम्ही मान हलवताय; रात्री पाणी द्यायला गेल्यावर तुम्ही हे ऐकलंय. नातवाला सोबत न्या, थर्मामीटर मी शाळेला देऊन जातोय. आणि सर, वही तपासायला तुम्हीच हवेत. तारीख आणि वेळ लिहिली नसेल तर पूर्वीसारखी परत करा.