मोटार आणि चपलेची टाच



वर्धापनदिनाला चपलेवर काय बोलायचे, असे कुणी म्हणेल. पण लासुर्ण्याच्या लेकीसुना आता बारामती-इंदापूरला स्वतः मोटार घेऊन जातात. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच झाला.

मोटार चालवताना उजवी टाच खाली टेकलेली असते आणि पाऊल ॲक्सिलेटरवरून ब्रेकवर, पुन्हा ॲक्सिलेटरवर फिरते. टाच तेवढी जागच्या जागी घासते. म्हणून उजव्या चपलेची टाच मागून आधी झिजते. डावी बिचारी बरी राहते. कोल्हापुरीचे तर फारच वाईट वाटते. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही आपली चप्पल! तिची टाच कातड्याच्या थरांची, कातड्याच्याच वादीने शिवलेली. वादी घासून तुटली की थर सुटलेच.

तेव्हा गाडीसाठी सपाट, मागे पट्टा असलेली जुनी वहाण वेगळी ठेवावी. टाचेवर पायमोजा चढवावा, असे काहीजणी सुचवतात. मला ते पसंत नाही, पाय निसटतो. पायाखालचे जाजमही सरकणार नाही असे पक्के बसवावे.

आणि काढलेली चप्पल? ती आपल्या सीटखाली मुळीच नको. पुढे उसाची बैलगाडी आडवी यावी, ब्रेक दाबायला जावे, तर खाली चप्पल अडकलेली! पिशवीत घालून मागे ठेवावी.

कोल्हापुरी भिजली तर सावलीत वाळवून तेलाचा हात द्यावा. शिवण उसवू लागताच कारागिराकडे न्यावी, तेव्हा चार टाक्यांत भागते.