तांबड्या समुद्रातील प्रवाळवने



वाळवंट आणि सुटी यांचा मेळ बसायचा कसा, असे आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल. सुटी म्हटली की आपल्याला महाबळेश्वरची थंडी आठवते, नाही तर कोकणातल्या पोफळीच्या बागा. मिसर देशातल्या सिनाईच्या दक्षिण टोकाला यांपैकी काही नाही. उघडे बोडके डोंगर, पायथ्याशी वाळू, आणि वाळू संपली की लगेच समुद्र. तरीही शर्म-अल-शेख, दहाब आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचे हुरघाडा या गावी दरसाल जगभरातून माणसांची रीघ लागते, आणि त्यांतली पुष्कळशी पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली उतरतात. त्या टाकीत निव्वळ ऑक्सिजन असतो असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नव्हे. बहुधा तीत आपलीच नेहमीची हवा दाबून भरलेली असते.

ही मंडळी पाहायला जातात ती प्रवाळे. पोवळे आपल्या ओळखीचे, मंगळाचे रत्न म्हणून आंगठीत बसणारे. पण ते तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात पोवळ्याचा उल्लेख आहे. म्हणजे ते तांबड्या समुद्रातून गलबतात बसून आपल्याकडे आले. तिथे उगवले नाही.

खडक रचणारी प्रवाळे निराळी. त्यांतला एकेक जीव एवढासा, चुन्याचे घर बांधून राहणारा. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवल बिऱ्हाड करते आणि उन्हाच्या जोरावर तयार केलेले अन्न भाड्यादाखल घरमालकाला देते. ऊन पोचले नाही तर दोघांचाही संसार मोडतो. तेव्हा पाणी हवे उबदार, आणि काचेसारखे स्वच्छ. आपल्या कोकणात पावसाळ्यात खाड्या लाल होऊन समुद्राला मिळतात. त्या गाळात प्रवाळांनी जगायचे कसे? मालवणकडे थोडी आहेत, पण मोठा विस्तार पाहायचा तर विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत, आंग्र्यांचे नाव मिरवणाऱ्या बुडालेल्या पठारावर जावे लागते. तांबडा समुद्र सुमारे 2200 किलोमीटर लांब, आणि बारमाही वाहणारी एकही नदी त्याला मिळत नाही. पाऊस नाममात्र. म्हणून प्रवाळांचे ताटवे अगदी किनाऱ्याला लागून आहेत. त्या वैराण डोंगरांना जो कोणी नावे ठेवील, त्याने हे ध्यानात घ्यावे, की वरचे वाळवंट आहे म्हणून खालची बाग आहे.

या बागेत सामान्य माणसाचा प्रवेश अलीकडचा. झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी 1943 मध्ये पाण्याखाली श्वास घेण्याचे सुटसुटीत यंत्र सिद्ध केले. पुढे कूस्तोच्या 1956 च्या चित्रपटाने पाण्याखालचे जग लोकांना घरबसल्या दाखवले, आणि पाहणाऱ्यांना तिथे जावेसे वाटू लागले. इथूनच पेच सुरू होतो.

हुरघाडा हे एके काळी कोळ्यांचे लहानसे गाव. पाहुणे वाढले तशी हॉटेले वाढली, आणि हॉटेलांना जागा हवी म्हणून काही ठिकाणी उथळ प्रवाळांवरच भराव टाकण्यात आले. जे पाहायला बोलावायचे, त्याच्यावरच पाहुण्यांची खोली! गोडे पाणी नाही म्हणून समुद्राचे खारे पाणी गोडे करतात; मागे उरलेल्या दाट खाऱ्या पाण्याची वाट लावणे हा आणखी एक घोर. होड्यांचे नांगर पडत ते प्रवाळांवर. गोल डोक्यासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. नांगराच्या एका झटक्यात किती पिढ्यांचे काम जाते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

सुदैवाने शहाणपण अगदीच उशिरा सुचले असे नाही. 1983 साली रास मुहंमद हे टोक राष्ट्रीय उद्यान झाले. हुरघाड्यात 1992 साली पाणबुडीचा धंदा करणाऱ्यांनीच संस्था काढली, आणि होड्यांनी नांगर न टाकता दोर बांधावा म्हणून कायमचे तरंगते बोये बसवण्याचे काम हाती घेतले. ज्यांचे पोट त्यावर, त्यांनीच हे करावे, यात आम्हांला फार अर्थ दिसतो. सरकारी पाटीपेक्षा असा दोर अधिक उपयोगी.

उरला तो पाणबुड्या. त्याला पहिला धडा देतात तो श्वास कधीही न रोखण्याचा. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा कोंडून वर आले, तर ती फुगून फुप्फुस फाडते. दुसरा धडा तोलाचा: ना वर उसळायचे, ना खाली बसायचे. ज्याला तोल साधत नाही तो आधारासाठी हात टाकतो, आणि हात पडतो प्रवाळावर. आमचे स्पष्ट मत असे, की तोल साधेपर्यंत नवशिक्याला वाळूच्या तळावरच शिकवावे. गिऱ्हाईक नाराज झाले तर होऊ द्यावे.

नियम मोडण्याची किंमत प्रवाळेच देतात असेही नाही. दहाबजवळ किनाऱ्यालाच ‘निळी विहीर’ म्हणून खोल डोह आहे. सुमारे 55 मीटरांवर त्याला बाहेर समुद्रात उघडणारी कमान आहे. हौशी पाणबुड्याची मर्यादा 40 मीटरांची. त्याखाली दाबातला नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि वेळेचे भान सुटते. किनाऱ्यावरच्या खडकावर, त्या डोहात गेलेल्यांच्या नावांचे दगड बसवले आहेत. तरुण माणसांनी ते आधी वाचावेत.

आणि एक चिंता आहे ती तापत्या समुद्राची. पाणी फार तापले की बिऱ्हाडकरू शैवल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभर पसरलेली अशी चौथी साथ जाहीर केली. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाची प्रवाळे मात्र इतरांपेक्षा अधिक उष्णता सोसतात. दक्षिणेच्या ऊन पाण्यातून गाळून निघालेल्यांचीच ती संतती, अशी एक उपपत्ती आहे. ऊन सोसतील, पण भराव आणि नांगर सोसण्याची शक्ती त्यांच्यात कुठून यावी?

परतीच्या विमानात बसण्यापूर्वी निदान 18 तास पाण्याखाली उतरू नये असा दंडक आहे, कारण अंगात मुरलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे होऊन बाधतो. त्याच कारणाने त्या दिवशी जवळच्या मूसा पर्वतावर, म्हणजे 2285 मीटरांवर चढणेही बरे नव्हे. मग पुष्कळ जण धक्क्यावर येतात. उथळ प्रवाळे तुडवली जाऊ नयेत म्हणून हॉटेलांनी त्यांवरून लाकडी धक्के समुद्रात नेले आहेत. टोकाशी शिडी असते. डोळ्यांवर चष्मा चढवून, तोंडात नळी धरून पालथे तरंगत राहिले, की पोहण्यात बेताचा असणाऱ्यालाही खालची निम्मी अधिक बाग दिसते.