रजोनिवृत्ती आणि घरातील माणसांचे कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या वेळी चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे येते. यंदा मात्र मी विषय स्वतः मागून घेतला. तो ऐकून कार्यकारिणीतील काही स्नेह्यांना संकोच वाटला, व तो स्वाभाविक होता. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन, अध्यापनाचे शिक्षण घेऊन, मुलांना पाढे व व्याकरण शिकविण्यात ज्याचा जन्म गेला असा एक निवृत्त मास्तर आहे. स्त्रियांच्या दुखण्यावर या मास्तराने का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर एवढेच, की मी सांगणार आहे त्या प्रकरणात चूक पुरुषाची होती, आणि तो पुरुष मीच. हे भाषण माझ्या सहधर्मचारिणीने आधी वाचले आहे. तिने त्यातील दोन वाक्ये खोडली व एक वाक्य आपल्या हाताने घातले. तेव्हा तिच्या अनुमतीनेच बोलत आहे.

सन २००६ मध्ये, तिच्या बेचाळिसाव्या वर्षी, गर्भाशयातील गाठी व अतिरक्तस्राव यांमुळे तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही काढावे लागले. अंडाशय गेले म्हणजे इस्ट्रोजेन नावाचा जो अंतःस्राव स्त्रीच्या शरीरात तयार होतो, त्याचा मुख्य झराच आटतो. निसर्गक्रमाने जे काही वर्षांत हळूहळू व्हावयाचे, ते एका दिवसात होते. म्हणून डॉक्टरांनी तिला इस्ट्रोजेनची गोळी सुरू करून दिली. ती रोज सकाळी देवपूजा झाली की गोळी घेई, आणि सात वर्षे आमचा संसार सुरळीत चालला.

एप्रिल २०१३ मध्ये एका लग्नाच्या पंगतीत एका आप्तांनी मला सांगितले, की या गोळ्यांनी कर्करोग होतो, अमेरिकेत तसे सिद्ध झाले आहे. मी घरी आलो आणि गोळ्यांची पाकिटे उचलून टाकून दिली. डॉक्टरांना विचारले नाही. जिला त्या गोळ्या घ्यावयाच्या होत्या तिलाही विचारले नाही. तिच्या हिताचेच करीत आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्या वर्षीचा मे महिना नागपूरकरांच्या स्मरणात असेल. पारा सत्तेचाळीस अंशांच्या वर गेला होता. रात्री-बेरात्री ती घामाने निथळून उठे, कूलरसमोर जाऊन बसे. मी म्हणे, "ऊन सर्वांनाच लागते." पाऊस आला, पोळा झाला, मारबती निघाल्या, दिवाळी सरली. ऊन उतरले, तिच्या अंगातील दाह काही उतरला नाही. झोप मोडे, शब्द आठवत नसत, लहानसहान गोष्टींवरून डोळ्यांत पाणी येई. मी त्याला स्वभाव म्हटले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर सवाष्णींनी भरले असता ती वाण हातात घेऊन एकाएकी आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. भर पौषातल्या थंडीत ती भिंतीला पाठ टेकून उभी होती आणि पदर भिजला होता. मी तिला म्हणालो, "बाहेर पाहुण्या बसल्या आहेत, हे काय मांडले आहेस?" बंधूंनो, हे वाक्य खोडावे असे तिने सुचविले होते. परंतु मी ते ठेवले आहे.

अखेर आमच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आईंना रागावू नका, डॉक्टरांकडे न्या." त्या मुलीने जे दहा महिन्यांत ओळखले, ते मला पस्तीस वर्षांच्या सहवासात ओळखता आले नव्हते.

तेथे मला जे समजले, ते मी विद्यार्थ्याप्रमाणे वहीत उतरवून घेतले, पुढेही वाचीत राहिलो, व तेच आज आपणांस सांगतो. आपल्या मेंदूत शरीराचे तापमान राखणारे एक केंद्र असते. ठरावीक मर्यादेपलीकडे उष्णता वाढली तरच ते घाम आणते. इस्ट्रोजेन कमी झाले म्हणजे ही मर्यादा अत्यंत अरुंद होते. चुलीजवळ उभे राहणे, गरम चहाचा घोट, मनाचा क्षोभ एवढ्यानेही मेंदूला वाटते की शरीर तापले, आणि तो क्षणात छाती, मान, चेहरा यांवर उष्णतेची लाट पाठवितो. तेव्हा हा स्वभावाचा दोष नव्हे आणि कल्पनेचा खेळही नव्हे. अमेरिकेत शेकडो स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी केली असता वारंवार येणाऱ्या अशा लाटांचा काळ साधारणतः सात वर्षांहून अधिक आढळला. गोळी असेपर्यंत हा त्रास दबलेला असतो. ती थांबविल्यावर सुमारे निम्म्या स्त्रियांना तो पुन्हा होतो. मात्रा हळूहळू उतरवीत नेली तरी पुढे त्रास होण्याचे प्रमाण फारसे बदलत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. तथापि केव्हा व कसे थांबवावे हे स्त्रीने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावयाचे असते, तिच्या नवऱ्याने लग्नाच्या पंगतीत नव्हे.

आता त्या अमेरिकेतील सिद्धतेविषयी. सन २००२ मध्ये तेथील एक मोठी पाहणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली, हे खरे. तीत १६,६०८ स्त्रिया होत्या. त्यांचे सरासरी वय त्रेसष्ट होते आणि त्या सर्वांना गर्भाशय होते. अशा स्त्रियांना इस्ट्रोजेनबरोबर दुसरेही एक संप्रेरक द्यावे लागते. या जोडगोळीने स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले; ही वाढ दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सुमारे आठ एवढी होती. परंतु गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांची निराळी पाहणी झाली. त्यांना केवळ इस्ट्रोजेन दिले होते. तीही २००४ मध्ये थांबविली गेली, पण पक्षाघाताचा धोका वाढल्यामुळे. स्तनाचा कर्करोग त्यांच्यात वाढलेला आढळला नाही. म्हणजे ज्या भयाने मी गोळ्या फेकल्या, ते भय माझ्या पत्नीच्या स्थितीतील स्त्रियांना लागूच नव्हते. अर्धवट ज्ञानाचा दुसरा नमुना मला शिक्षकी पेशातही आढळला नाही. उलट, ज्यांना स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा गंभीर विकार होऊन गेला आहे, त्यांनी ही गोळी शेजारणीचे पाहून सुरू करू नये, हेही तितकेच खरे आहे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे अवश्य वाटते. आपल्याच राज्यात, बीड जिल्ह्यात, ऊसतोड कामगार भगिनींच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा वाचून मन विषण्ण होते. शस्त्रक्रिया केव्हा केव्हा अपरिहार्य असते. आमच्या घरी ती होती. परंतु एकाच डॉक्टरांच्या सांगण्यावरून घाई करू नये, दुसरे मत घ्यावे, आणि अंडाशय राखता येतील काय व न राखल्यास पुढे काय, हे दोन प्रश्न आधीच विचारावेत.

गोळी थांबल्यावर काय करावे? आमच्या डॉक्टरांनी सर्व पर्याय समोर मांडले. पत्नीचे वय तोवर पन्नाशीजवळ आले होते. गोळी पुन्हा सुरू करावयाची नाही, असे तिने ठरविले. या वेळी ठरविले तिने. झोपेसाठी व दाहासाठी डॉक्टरांनी अन्य प्रकारचे औषध अल्प मात्रेत एक वर्ष दिले. संप्रेरकाशिवाय या लाटा सौम्य करणारी अशी औषधे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. योनिमार्गाचा कोरडेपणा व लघवीची जळजळ हा त्रास मात्र लाटांप्रमाणे काळाबरोबर ओसरत नाही. त्यावर लावावयाचे मलम मिळते. लज्जेमुळे तो सहन करीत राहणाऱ्या भगिनी या सभागृहातही असतील. त्यांनी तो डॉक्टरांना सांगावा, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

हाडांची झीज हा या काळातील मूक शत्रू होय. गोळी थांबताच ती पुन्हा वेग घेते. या वयाच्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते; तीळ, दूध, दही यांतही ते विपुल आहे. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीला आता नाचणीच्या भाकरीची जोड मिळाली आहे. सोयाबीन व जवस यांनी दाह जातो असे सांगतात. त्याचा पुरावा भक्कम नाही, पण अन्न म्हणून ते उत्तमच. अंबाझरीच्या बाजूला आम्ही दोघे रोज सकाळी पाऊण तास चालतो. रात्री सुती वस्त्र, उशाशी पाण्याचा तांब्या, निजण्यापूर्वी चहा वर्ज्य, हे साधे नियमही उपयोगी पडले. तीन-चार वर्षांत लाटा विरळ झाल्या. अजूनही एखादी येते, पण आता घरात कोणी तिला स्वभाव म्हणत नाही. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला, किंवा घामाबरोबर ज्वर व वजनात घट आढळली, तर मात्र ते या वयाचेच म्हणून अंगावर काढू नये. त्वरित तपासणी करावी.

आपल्याच या नगरात १९२१ साली कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनी मातृ सेवा संघाची स्थापना केली. त्या काळी सुईणीच्या भरवशावर सोडलेल्या बाळंतिणीला सुरक्षित प्रसूती मिळावी, म्हणून त्या दोघी झटल्या. आज बाळंतिणीचे कोडकौतुक आपल्या प्रत्येक घरात होते. तिला डिंकाचे लाडू मिळतात, शेक मिळतो, विश्रांती मिळते. परंतु जिचे बाळंतपणाचे दिवस सरले, त्या स्त्रीसाठी आपल्या घरांत काय व्यवस्था आहे? भारतीय स्त्रीची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. त्याच वेळी मुलांची लग्ने, सासू-सासऱ्यांची आजारपणे आणि कर्त्या पुरुषाच्या निवृत्तीची चिंता, हे सारे तिच्या शिरावर येऊन पडते. तिला त्या काळात डिंकाचा लाडू नको आहे. थोडी समजूत हवी आहे.

म्हणून पतींना, मुलांना व सुनांना माझे सांगणे असे, की घरातील या वयाच्या स्त्रीची चिडचिड दिसली तर आधी तिच्या झोपेची चौकशी करा. डॉक्टरांकडे सोबत जा, पण तिला बोलू द्या. औषध सुरू करणे वा थांबविणे हा अधिकार तिचा व डॉक्टरांचा आहे. आपले काम सोबतीचे आहे. मंडळाने पुढील वर्षी स्त्री-रोगतज्ज्ञांचे एक व्याख्यान ठेवावे व त्यास पुरुषांनाही बोलवावे, अशी सूचना मी करतो.

आता पत्नीने घातलेले वाक्य वाचून माझे भाषण संपवितो. ती लिहिते : "मला उपदेश नको होता, पंखा लावू का, एवढे कोणी विचारले असते तरी पुरे होते."