झोळीची दोरी



पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी यवत सोडते, खुटबाव घेते आणि पुढच्या स्टेशनला केडगाव येते. त्या केडगावात पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्ती सदन उभे केले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या सुमारास गुजरातेतून अन्नावाचून मरू घातलेल्या मुली आणि विधवा त्यांनी इथे आणल्या. अक्षर एकाने शिकवायचे आणि भाकरी, काम, लेकराचा सांभाळ दुसऱ्याने बघायचा, अशी वाटणी तिथे नव्हती. शाळा, छापखाना, विणकाम, शेती, सगळे एका आवारात होते. रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्राने पुष्कळ वाद घातला, पण बाई आणि मूल यांचा एकत्र विचार करण्याची त्यांची रीत आपण फारशी अभ्यासली नाही. आजचे सरकारी धोरण मुलाला एका खात्यात टाकते आणि त्याच्या आईला दुसऱ्या. या दोन खात्यांच्या फटीतून आपल्याच शिवारात दर हंगामाला मुली शाळेबाहेर पडतात.

भीमेचे, घोडचे आणि खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आल्यापासून दौंड-शिरूरचा हा पट्टा उसाचा झाला. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून टोळ्या येतात आणि कोप्यांचे तळ पडतात. तोडणीच्या हिशेबात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुकादमाने उचल दिलेली असते ती या जोडीवर, त्यामुळे बाईने घरी राहायचे ठरवले तर अर्धा कोयता मोडतो आणि उचल फिटत नाही. पहाटे कोपीपुढची चूल पेटते, भाकऱ्या होतात आणि उजाडायच्या आत जोडी फडात उतरते. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी असते, झोळीत तान्हे असते आणि झोळीची दोरी नऊ-दहा वर्षांच्या बहिणीच्या हातात असते.

ही मुलगी शाळेबाहेर राहते ती आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही म्हणून नव्हे. ती एक काम करते आहे आणि त्या कामावर तिच्या आईची मजुरी उभी आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने तिला जवळच्या शाळेत वयानुसार वर्गात बसण्याचा हक्क दिला. गुरुजी कोप्यांवर जातात, नाव पटावर घेतात, वह्या-पुस्तके देतात. दोरी मात्र तिच्याच हातात राहते. माझे म्हणणे एवढेच आहे, की स्थलांतरित मुलांच्या शिक्षणाचे धोरण शाळेपासून नव्हे, पाळणाघरापासून सुरू झाले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा, की मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आहेत. ती आहेत आणि हवीतच. पण वसतिगृह शाळकरी मुलाला घेते. अंगावर पिणारे मूल आईबरोबर येणारच आणि त्याच्यामागे सांभाळायला थोरली बहीणही येते. दुसरा आक्षेप साखरशाळांचा, म्हणजे कारखान्यांच्या तळांवर मजुरांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळांचा दाखला देतो. मजुरांच्या मुलांसाठी निराळी व्यवस्था काढली की ती दुय्यम ठरते, हे खरे आहे. म्हणूनच मी निराळी शाळा मागत नाही. मुलगी गावच्याच शाळेत, गावच्या मुलांशेजारी बसावी, यासाठी तिचे हात मोकळे करायला सांगतो आहे. अंगणवाडी आहे ना, असेही विचारले जाते. अंगणवाडी उघडते तोवर फडात निम्मी तोड झालेली असते, आणि आई परतायच्या कितीतरी आधी ती बंद होते. स्थलांतरित बालकांची नोंद आता मोबाइलवर होते, हे चांगलेच झाले. पण नोंदीने मूल सांभाळले जात नाही, त्याला वेळ जुळावी लागते.

सर्वांत वजनदार आक्षेप कारखानदारीचा आहे: तोडणी मजूर मुकादमाचे, आमच्या पटावर ते नाहीत. कारखाने अधिनियम १९४८ प्रमाणे तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तिथे पाळणाघर लागत असे; फडातली बाई कारखान्याची कामगारच ठरत नसल्याने तो नियम तिच्यापर्यंत कधी पोचला नाही. आता याच्याशेजारी रोजगार हमी ठेवून पाहा. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने चालवलेल्या या योजनेची वाट देशाने २००५च्या कायद्यात धरली. त्या कायद्यात, कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असली, तर त्यांच्यातलीच एक बाई मुले सांभाळायला नेमायची आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची, असे लिहिले गेले. सरकारी खडी फोडणाऱ्या आईला जे मिळू शकते, ते ऊस तोडणाऱ्या आईला नाकारण्याचे कोणतेही न्याय्य कारण मला दिसत नाही.

पैशाची सबबही टिकत नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन दहा रुपये घेण्याचे ठरले आहे. पाच लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे यातून पन्नास लाख रुपये होतात. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. तोडणी यंत्रे आली की प्रश्न मिटेल म्हणणाऱ्यांनी आपल्याकडचे गुंठ्यांचे तुकडे आणि वीटभट्ट्यांवरची लेकरेही मोजावीत.

या संमेलनाला माझी विनंती आहे. ठराव कराच, पण तो खुटबावपासून न्हावऱ्यापर्यंतच्या ग्रामपंचायतींच्या आणि कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांच्या हाती द्या. येत्या हंगामात तळ पडल्यापासून आठ दिवसांत सहा वर्षांखालची मुले मोजली जावीत, तळावरच्याच एका बाईला पूर्ण मजुरीवर सांभाळायला नेमावे आणि हे पाळणाघर पहाटे पाच वाजता उघडावे.