क्षयजंतूची ढाल



पावसाळ्यांत नांदगांव स्टेशनांतील रूळ पाहावे. मनमाड-चाळीसगांवच्या गाड्या ज्यांवरून रोज धांवतात, ते लखलखीत असतात. पण ज्यावर महिनोन्‌महिने चाक फिरत नाहीं, त्या रुळावर तांबूस गंज चढतो. हें काम प्राणवायूचें. ज्यावांचून आपण जगत नाहीं, तोच लोखंडाला खातो. त्याच्यापासून होणारीं कांहीं द्रव्यें जिवंत पेशींचीही अशीच नासाडी करतात, आणि आपलें शरीर त्या दाहकतेचा शस्त्रासारखा उपयोग करतें.

रोगजंतु शरीरांत शिरला कीं पांढऱ्या पेशी त्याला गिळतात आणि आंत कोंडून त्याच्यावर सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा मारा करतात. पुष्कळ जंतु यांत मरतात. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं जगास दाखविलेला क्षयजंतु मात्र या भट्टींतच बिऱ्हाड करतो. त्याचें एक विकर सुपरऑक्साइडचें पेरॉक्साइड करतें. कॅटलेज नांवाचें दुसरें विकर त्या पेरॉक्साइडचें पाणी व प्राणवायु करून टाकतें. जखमेवर पेरॉक्साइड ओततांच फेंस येतो, तो आपल्या रक्तांतील कॅटलेजमुळेंच. जंतूची ढाल ती हीच.

आतां नवल पाहा. १९५२ सालीं आयसोनियाझिड हें औषध क्षयावर वापरांत आलें. तें मूळ रूपांत जंतूस मारीत नाहीं. जंतूचें कॅटलेजच त्यास चेतवितें, आणि मग तें जंतूच्या मेणचट कवचाची बांधणी बंद पाडतें. ढाल धरणाऱ्यावरच उलटते! औषधास न जुमानणाऱ्या कित्येक जंतूंत कॅटलेजच उरलेलें नसतें, असें १९५४ सालीं दिसून आलें. १९९२ सालीं त्यामागील जनुकाचा छडा लागला.

ढाल टाकलेला जंतु पेरॉक्साइडपुढें उघडा पडतो. कांहीं जंतु दुसरें एक विकर वाढवून वेळ निभावतात. परंतु सर्वांत अधिक आढळणारा बदल याहून बिकट आहे. कॅटलेजच्या सांखळींत ३१५ व्या जागीं सेरीनऐवजीं थ्रिओनीन येतें. औषध चेतत नाहीं, आणि ढाल बहुतांशीं शाबूत राहते.

जंतु हें विचारानें करीत नाहीं. कोट्यवधि जंतूंपैकीं एखाद्यांत असा बदल आपोआप घडलेला असतो. म्हणूनच आरंभीं चार औषधें एकत्र देतात. एकास चुकविणारा दुसऱ्याच्या हातीं सांपडावा. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. पण दोन महिन्यांतच खोकला थांबतो, भूक लागते, आणि कामासाठीं मुंबईस किंवा नाशकास जाणारा माणूस गोळ्या घरींच ठेवून गाडींत बसतो. मागें उरलेले जंतु पुन्हां वाढतात. अर्धवट औषधांत जे तगले, त्यांचाच वंश फोफावतो. त्या काळीं तपासलेल्या एकाही औषधास दाद न देणाऱ्या क्षयाच्या चार रोग्यांचें मुंबईंतील वृत्त २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. असा जंतु खोकल्यावाटे दुसऱ्याच्या घरींही जातो.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत क्षयाचीं औषधें विनामूल्य मिळतात. बरें वाटणें म्हणजे बरें होणें नव्हे. शेवटची गोळी पोटांत जाईपर्यंत उपचार पुरा झाला, असें कोणीं मानूं नये.