कृत्रिम सांधा आणि दडलेला जंतु

वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाहीं. मी मॅट्रिक झालेला, जन्मभर मुलांना गणित शिकविलेला मास्तर. परंतु माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्यानें मला या विषयाचा अभ्यास करावयास लावलें.

अक्काचा गुडघा बदलून दीड वर्ष झालें होतें. तो पुन्हां ठणकूं लागला, हाताला ऊन लागूं लागला. जवळच्या डॉक्टरांनीं जंतुनाशक गोळ्या दिल्या. सांध्यांतलें पाणी काढून तपासावयास धाडलें तें त्यानंतर. पांचव्या दिवशीं उत्तर आलें कीं, जंतु आढळले नाहींत. अक्का म्हणाली, "भाऊ, जंतु नाहींत, तर मग हा ठणकतो कशानें?" मजजवळ उत्तर नव्हतें.

उत्तर असें आहे. कृत्रिम सांध्याच्या धातूवर जंतु सुटे राहत नाहींत. विहिरीच्या पायरीला शेवाळ धरतें, तसे ते एकमेकांस बिलगून स्वतःभोंवतीं चिकट थर उभारतात. भोंवतालच्या पाण्यांत त्यांतले थोडेच उतरतात. शेवाळाचा शोध तांब्याभर पाण्यांत करावा, तशी ही तपासणी! त्यांतून आधीं गोळ्या पोटांत गेल्या असल्या, तर थरांतले जंतु मरत नाहींत, पण प्रयोगशाळेंत वाढण्याइतकें त्राण पुष्कळदां त्यांना उरत नाहीं.

अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांची युक्ति मला फार आवडली. शस्त्रक्रियेनें काढलेला सांधा निर्जंतुक द्रवांत बुडवून, कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी त्यांत पांच मिनिटें सोडावयाच्या. थर सुटून जंतु द्रवांत येतात; मग तो द्रव तपासावयाचा. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणींत ३३१ रोग्यांचे गुडघे व खुबे होते. पैकीं ७९ जणांना जंतुसंसर्ग होता. सांध्याभोंवतालच्या मांसाचे तुकडे तपासून त्यांतील ४८ जणांचा जंतु सांपडला. या नव्या रीतीनें ६२ जणांचा. शस्त्रक्रियेपूर्वीं चौदा दिवसांच्या आंत ज्यांनीं जंतुनाशक औषध घेतलें होतें, त्यांच्यांत तर हें प्रमाण शेंकडा ४५ आणि शेंकडा ७५ असें पडलें. गणिताच्या मास्तराला याहून अधिक काय सांगावें?

मात्र ही युक्ति सांधा काढल्यावरची, आणि तें यंत्र सर्वत्र नसतें. यंत्रावांचूनही पुष्कळ साधतें. ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं १९९८ सालींच सांगितलें कीं, शस्त्रक्रियेच्या वेळीं पांचसहा तुकडे घ्यावे, आणि तिहींत वा अधिकांत तोच जंतु निघाला तर तो खरा मानावा. एकाच तुकड्यांतला जंतु कातडीवरून चुकून आलेला असूं शकतो. शिवाय वाट पाहावी लागते. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नांवाचा कातडीवर राहणारा जंतु इतका मंद वाढतो कीं, त्यासाठीं पात्रें चौदा दिवस ठेवावीं लागतात. पांचव्या दिवशीं फेकलीं, तर तो पुष्कळदां सांपडावयाचा नाहीं.

पुढें अक्काला दुसरीकडे नेलें. तिची प्रकृति पाहून तेथील डॉक्टरांनीं गोळ्या दोन आठवडे थांबविल्या आणि शस्त्रक्रियेच्या वेळीं पांच तुकडे घेतले. नवव्या दिवशीं फोन आला: चौघांत एकच जंतु. मग त्याला लागू पडेल असें औषध देतां आलें. नवा सांधा बसविण्यास मात्र मध्यें कांहीं महिने गेले. हल्लीं ती काठी घेऊन देवळापर्यंत जाते. जिना अजून चढवत नाहीं.