तटातल्या खोल्या
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



रुमानियातील ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतात प्रेझमेर नावाचे खेडे आहे. तिथले चर्च मी पाहिले, त्याविषयी चार शब्द सांगते.

बाहेरून चर्च नीटसे दिसतच नाही. दिसतो तो ४० फूट उंच आणि १० फुटांहून जाड असा वाटोळा तट. बोगद्यासारख्या लांब दरवाजातून आत गेले, चौकात उभी राहून वर पाहिले, आणि मला चक्क आपली चाळ आठवली! तटाच्या आतल्या अंगाला तीन-चार मजले, लाकडी जिने, सज्जे आणि ओळीने छोटी छोटी दारे. अशा सुमारे २७० खोल्या आहेत. गावातल्या घराचा जो क्रमांक तोच तटातल्या खोलीचा. संकटाची घंटा झाली की बाईने पोरे आणि गाठोडे उचलायचे व आपली खोली गाठायची. धान्य तिथे आधीच भरलेले असे. मुलांसाठी तटातच शाळेची खोलीदेखील आहे. ही सूचना एखाद्या आईचीच असणार, इतिहासकार काही म्हणोत.

ही वस्ती सॅक्सन म्हणवणाऱ्या जर्मन शेतकऱ्यांची. हंगेरीच्या राजाने बाराव्या शतकात त्यांचे पूर्वज इकडे आणून वसवले. चर्च तेराव्या शतकातले. पुढे तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्यावर तट भक्कम झाला. आपल्याकडच्या गढीत देशमुख आत नि गाव बाहेर. इथे गढीच साऱ्या गावाची! अनेक वेढे पडले, पण ती पडली एकदाच, १६११ साली, गाब्रिएल बाथोरीच्या हाती.

विस्क्री गावी तर चर्चच्या एका बुरुजात घरोघरचे खारवलेले डुकराचे मांस टांगलेले असे. (शाकाहारी भगिनींनी क्षमा करावी.) प्रत्येक तुकड्यावर घराची खूण. आठवड्यातून एकदा बुरूज उघडायचा, आठवड्यापुरते कापून घ्यायचे, आणि कापल्या जागी पुन्हा शिक्का, म्हणजे शेजारणीचा संशय नको. देवाच्या दारीसुद्धा हिशेब चोख!

असे तट तुर्कांना पुरून उरले. गाव रिकामे होणे मात्र त्यांना थोपवता आले नाही. जानेवारी १९४५ मध्ये इथल्या जर्मन स्त्री-पुरुषांना सक्तमजुरीसाठी सोव्हिएत संघात नेले. त्यात १८ ते ३० वर्षांच्या मुली-बायका होत्या. तान्ही मुले असणाऱ्यांना तेवढी सूट. पुढे १९८९ ची क्रांती झाली, आणि १९९० या एका सालात लाखाहून अधिक जर्मन रुमानिया सोडून जर्मनीला गेले.

प्रेझमेर, विस्क्री, बिएर्तान अशी सात गावे युनेस्कोच्या यादीत आहेत, त्यांची देखभाल होते. पण तटबंदीची चर्चे दीडशेहून अधिक! कौल सरकले तर सांगायला कोण? फेब्रुवारी २०१६ मध्ये रोआदेश आणि रोतबाव या दोन गावांच्या चर्चचे बुरूज थोड्याच दिवसांच्या अंतराने कोसळले.

प्रेझमेरला एका खोलीत मी वाकून शिरले. आत कोनाडा, फळ्यांची जमीन, आणि हाताच्या पंजाएवढा उजेड. बाहेर येऊन मी दार आपल्या सवयीने ओढून घेतले.